सालईचा धूर

नागपूर, वर्धा आणि वऱ्हाडात मिळून धूप-अत्तर विकणारी माणसे साधारण दोनशे होती. हा आकडा माझा नाही, आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा आहे. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे त्यांचे चार खंड 1916 साली निघाले, आणि त्यात ‘अत्तारी’ या नावाखाली एक आटोपशीर नोंद आहे. अत्तर, धूप, दंतमंजन आणि कुंकू किरकोळीत विकणारी ही मुसलमान जमात. गंधी आणि बुकेकरी ही तिचीच आणखी नावे. याच नोंदीत रसेल पुढे सांगतो, की हिंदूही हा धंदा करतात, मात्र त्यांची वेगळी जात झालेली नाही. ते तेली, गुरव नाही तर बेलदार असतात.

नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत मी इतिहास शिकवायची, तेव्हा ही नोंद मुलींना वाचून दाखवत असे. दरवर्षी एखादी तरी हात वर करायची. “बाई, म्हणजे महालक्ष्म्यांपुढचा बुक्का आणि धूप मुसलमानाच्या पेटीतून यायचा?” यायचा. आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत असल्याचे त्या चार ओळींत कुठे दिसत नाही. जातींचे बारकावे टिपण्यात हयात घालवलेल्या माणसांच्या नजरेतून ते सुटले नसते.

धुपाचा इतिहास सांगायला बसलेले लोक बहुधा वेदांपासून निघतात आणि यज्ञाच्या वाटेने थेट आपल्या देवघरात पोचतात. मधला बाजार आणि त्याच्या मागचे जंगल वगळून जातात. मला हे पटत नाही. नागपूरच्या घरांत जे जळत आले ते आधी आसपासच्या टेकड्यांवर वाढले, कोणीतरी ते खरवडून गोळा केले, कोणीतरी मिठाच्या बदल्यात घेतले, आणि मग ते इतवारीच्या बाजारात पोचले. निखाऱ्यावर पडायच्या आधी त्याने एवढा प्रवास केलेला असतो, आणि इतिहास त्या प्रवासात आहे.

इतवारीच्या किराणा ओळीत आजही काष्ठौषधीची दुकाने आहेत. माझ्या नेहमीच्या दुकानात गेले की पोरगा विचारतो, “काकू, पूजेले पाह्यजे का मच्छरायले?” याहून चांगली वर्गवारी मला कुठल्या ग्रंथात मिळाली नाही. पूजेला म्हटले की तो राळ, ऊद, गुग्गुळ, दशांगाची पुडी काढतो. डासांना म्हटले की कडुनिंबाचा वाळका पाला, निरगुडी, वेखंडाची कांडी आणि ओव्यातला सर्वांत भिकार ओवा. सालईचा डिंक मात्र दोन्ही बाजूंना असतो. पिवळसर, किंचित चिकट, सालीचे तुकडे आणि मुंग्या अडकलेले खडे. मी तोच घेते.

त्या दुकानातल्या बरण्या म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा आणि त्याच्या पलीकडच्या मुलखाचा नकाशाच आहे. राळ सालवृक्षाची, सालाची जंगले मंडला, बालाघाट, बस्तरकडची. आमच्याकडे सागवान, त्यामुळे राळ नेहमीच बाहेरून आली, पण जवळच्याच मुलखातून. नागरमोथा नदीकाठचा. गुग्गुळ कच्छ-राजस्थानच्या कोरड्या मुलखातला. जटामांसी हिमालयातली. लोबान तर समुद्रापलीकडचा, सुमात्रा आणि सयामच्या झाडांचा. आणि वाळा, ज्याला इथे अग्नीची गरजच पडत नाही. आमचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटवे लावून वर पाणी मारत, हल्ली कूलरच्या जाळीत तो भरतात. वर्षातले दोन महिने नागपूरच्या घरांना सुवास येतो तो पाण्यातून. धुराचा मोसम मृगानंतरचा.

आता सालईबद्दल, कारण आमच्या भागाचा स्वतःचा धूप म्हणायचा तर तोच.

माझी आजी रामटेककडची. तिकडच्या दगडी टेकड्यांवर, जिथे दुसरे काही धड उगवत नाही तिथे, सालई उभी असते. उन्हाळ्यात पानगळ होऊन उघडी पडते, साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते, लाकूड मऊ, इमारतीला कुचकामी. फांदी तोडून कुंपणाला रोवली तर तिलाही पालवी फुटते. नागपूरच्या अगदी वेशीवरच्या गावाचे नाव सालई गोधनी आहे. तिथे आता लेआउट पडलेत. पावसाळा सरला की सालीचा पट्टा तासतात. जखमेतून डिंक पाझरतो, सोनेरी, मधासारखा घट्ट. तो टोपल्यांत भरून ठेवतात, पातळ तेलकट भाग खाली गळून जातो, मग उरलेला वाळवून फोडतात. आजी सांगायची, की गोंड बाया पळसाच्या पानाच्या द्रोणात डिंक घेऊन बाजारला यायच्या आणि मीठ किंवा ज्वारी घेऊन जायच्या. सौदा बरोबरीचा नव्हता हे तीच सांगायची. “त्याईले मोजता येत नव्हतं, अन् आपल्या लोकायले मोजायचं नव्हतं.”

या गावठी झाडाला विलायतेत बरीच मोठी प्रतिष्ठा मिळून गेली आहे, आणि त्या कथेत नागपूर थोडेसे डोकावते. हेन्री थॉमस कोलब्रूक हा संस्कृतचा मोठा इंग्रज पंडित. 1799 ते 1801 या काळात तो कंपनीचा वकील म्हणून दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या दरबारात नागपूरला होता. ज्या तहासाठी आला तो काही झाला नाही. पुढे 1807 साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या नवव्या खंडात त्याने एक निबंध छापला: बायबलात ज्याचा महिमा आहे, रोमच्या देवळांत जो जळायचा, तो ऊद म्हणजे हिंदुस्थानातल्या सालईचाच डिंक. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने दिलेले झाडाचे शास्त्रीय नाव, बॉस्वेलिया सेराटा, त्याच निबंधातून प्रसिद्ध झाले, म्हणून वनस्पतिशास्त्रात त्या नावापुढे आजही रॉक्सबर्गच्या जोडीने कोलब्रूक लिहितात.

निष्कर्ष चुकला होता. रोमला जाणारा ऊद अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरच्या झाडांचा. 1870 च्या सुमारास जॉर्ज बर्डवुडने त्या झाडांचा नीट अभ्यास मांडला. हा बर्डवुड बेळगावात जन्मलेला, मुंबईत वाढलेली त्याची विद्वत्ता. तरीही झाडे एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडे. ख्रिसमसला येशूच्या पाळण्यापाशी जो सुगंध ठेवला असे सांगतात, त्याच्या घराण्यातला डिंक रामटेकच्या बाजारात मिठावर जात होता. संस्कृतात या झाडाला शल्लकी म्हणतात आणि हत्तीचा आवडता चारा म्हणून ते कवींना ठाऊक आहे. आमच्या बाजूला हत्ती नव्हते. आमच्या सालईचा हत्ती पुढे आला, तो लोखंडाचा.

माझे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते, जंगल खात्याच्या कागदांवर. नागपूर तेव्हा राजधानी होते, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते: आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची, मग 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची. त्या काळात देशातली सगळी वर्तमानपत्रे परदेशी कागदावर निघत. भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर, जंगलाच्या कुशीत, वृत्तपत्राच्या कागदाचा देशातला पहिला कारखाना काढायचे ठरले. 1947 साली खासगी कंपनीने सुरुवात केली, 1949 साली नागपूरच्या सरकारने तो हाती घेतला, 1955 साली कागद निघू लागला आणि 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. नेपानगरचा हा कारखाना. त्याचा मुख्य कच्चा माल सालईचे लाकूड होते.

इमारतीला निरुपयोगी असलेले ते मऊ लाकूड लगद्याला नेमके सोयीचे निघाले. सोबत बांबू. सातपुड्याच्या उतारावरच्या सालया वाघिणींत भरभरून निघाल्या. वडिलांच्या टेबलावरून त्यांचे कागद जात, म्हणून आमच्या घरात हा विषय जेवताना निघायचा. एकदा वडील म्हणाल्याचे आठवते, “आई, तुझ्या धुपाचा आता पेपर होणार.” आजीने विचारले, “अन् तो जाळला तं वास येईन का?” नेपाचा कागद पुढची पंचवीसेक वर्षे देशातला एकमेव देशी वृत्तपत्र-कागद होता. स्वतंत्र भारतातले अग्रलेख, दुष्काळ, निवडणुका, आमच्या दहावीचे निकाल, हे सगळे बऱ्याच अंशी सालईवर छापले गेले. मला या गोष्टीचा राग नाही. पेपर हवाच होता. पण झाडाचा हिशेब मांडताना डिंकाचे, आणि डिंक काढणाऱ्या बायांचे, खाते त्यात कोणी उघडले नव्हते हे तितकेच खरे.

1956 हे साल आमच्या शहरात तीनदा लिहिले गेले. एप्रिलमध्ये नेपानगर, नोव्हेंबरात राजधानी गेली, आणि या दोहोंच्या मध्ये 14 ऑक्टोबर. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर इंदोरा, पाचपावली आणि कितीतरी वस्त्यांतल्या घरांतून देव उतरवले गेले. कोणी विहिरीत सोडले, कोणी नदीत. शाळेतली माझी एक सहकारी त्या पिढीची लेक. तिच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पुढे मेणबत्ती, फुले आणि उदबत्ती. मी तिला एकदा विचारले, की देव गेले, नवस गेले, अंगारे-धुपारे गेले, मग उदबत्ती कशी राहिली? ती शिक्षिकेच्याच स्वरात म्हणाली, “अंगारा कोणाची तरी कृपा मागतो. आमची उदबत्ती काही मागत नाही.” मग तिने समजावले: पाली वंदनेत फुले कोमेजतात म्हणून अनित्याची आठवण, दिवा प्रज्ञेसाठी, आणि सुगंध शीलासाठी; फुलांचा वास वाऱ्याच्या दिशेने जातो, सज्जनाच्या शीलाचा वाऱ्याविरुद्धही जातो, असा धम्मपदातला विचार. बाजारातली वस्तू तीच, पुडकेही तेच, आणि तिचा अर्थ एका दुपारी पार बदलला. घरगुती धुराच्या इतिहासात याच्या तोडीची दुसरी घटना मला माहीत नाही, आणि धूप-परंपरेवर लिहिणारे तिचा उल्लेखही करीत नाहीत.

उदबत्ती तशी धुपापेक्षा पुष्कळ अलीकडची. निखारा फुलवायला चूल लागते, चुलीला गोवरी लागते. नागपूरला रेल्वे आली 1867 साली. पुढच्या शतकात म्हैसूर-बंगळूरचा माल रुळांवरून येऊ लागला, आणि केरोसिनचा स्टोव्ह व मग गॅस आल्यावर घरातला विस्तवच संपला. गॅसच्या निळ्या ज्योतीवर धूप टाकता येत नाही. धुपाटणी माळ्यावर गेली ती या कारणाने. श्रद्धा वगैरे कमी झाल्याने नाही.

उदबत्तीची काडी बांबूची, आणि बांबू म्हटला की चंद्रपूर-गडचिरोली. मग आपल्या काड्या आपल्याकडून का येत नव्हत्या? इथेही पुन्हा कागदच आडवा येतो. 1945 साली बल्लारपूरला कागद कारखाना उभा राहिला आणि जंगलातला बांबू कंत्राटाने तिकडे जाऊ लागला, तर टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरडांना तो मागून घ्यावा लागे. शिवाय आमचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव आणि आखूड पेरांचा. लांब सरळ काडीला त्रिपुराकडचा बरा पडतो. पुढे काड्या व्हिएतनाम आणि चीनमधून यायला लागल्या. ऑगस्ट 2019 मध्ये सरकारने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, जून 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरचे आयातशुल्क दहा टक्क्यांवरून पंचवीस केले. देवापुढच्या काडीसाठी सीमाशुल्क खात्याला धावावे लागले. त्याआधी 2011 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला होता, वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले होते. ताडोबाच्या वाटेवर आगरझरीला आणि गडचिरोलीत बायका उदबत्त्या वळू लागल्या, त्या या हक्कानंतरच्या काळात. लगदा चिकटवायला लागणारी मैदा-लाकडाची साल मात्र मध्य भारताच्या जंगलांतून इतकी ओरबाडली गेली, की ते झाडच आता शोधावे लागते.

मघाशी लोबान म्हटले. त्याचे इथले घर ताजबागचा दर्गा. बाबा ताजुद्दीन जन्मले कामठीत 1861 साली. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी कित्येक वर्षे काढली, पुढे त्याच भोसले घराण्यातल्या नंतरच्या रघुजीरावांनी त्यांना शक्करदऱ्याला आपल्या वाड्यावर आणले, आणि 17 ऑगस्ट 1925 ला ते गेले. भोसल्यांच्या वाड्यातला धूप आणि दर्ग्यातला लोबान एकाच गल्लीतून विकत घेतला जात असावा, असे मला रसेलच्या त्या नोंदीवरून वाटते. गुरुवारी संध्याकाळी लोबानदान हलवत दुकानादुकानातून फिरणारे फकीर मी लहानपणापासून पाहत आले. सराफ त्यांना थांबवून गल्ल्यावर धूर घ्यायचे. आता फेरी विरळ झाली आहे, आणि लोबान म्हणून बऱ्याचदा चीड झाडाची राळ विकली जाते. कापराचेही तसेच. तो एके काळी तैवानच्या झाडांपासून यायचा आणि 1899 पासून त्यावर जपानी सरकारचा मक्ता होता. आज आरतीत जळतो तो कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो. जाहिरातीत त्याला ‘शुद्ध’ म्हणतात, आणि रसायनशास्त्राच्या अर्थाने तो शुद्ध असतोही.

आता देवघर सोडून बाळंतिणीच्या खोलीत जाऊ, कारण धुराचा खरा खप तिथे होता.

आमच्याकडे बाळंतिणीची बाज असायची. सुतळीने विणलेली, खालून हवा जाईल अशी. न्हाऊन आलेल्या बाईला त्यावर निजवायचे आणि खाली घमेल्यात गोवऱ्यांचा निखारा. वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची टरफले, वेखंड, आणि चिमूटभर सालई. दार बंद. आजी हे सगळे एखाद्या कारभाऱ्यासारखे चालवायची. “जरासा इस्तो आन वं पोरी,” ही हाक मला अजून ऐकू येते. बाळालाही त्या धुरावरून फिरवायचे, तोंड बाजूला करून. शेक मिळायचा, अंग मोकळे व्हायचे, बाईला महिनाभर कोणी कामाला हात लावू देत नसे; या तीन गोष्टींचे श्रेय मी त्या बाजेला देते. धुराला देत नाही. बंद खोलीत गोवरीचा धूर कोंडून त्यात दहा दिवसांचे मूल ठेवणे, हे आज कोणीही केले तर मी भांडेन. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी भांडले, आजीने दार किलकिले ठेवले, आणि त्या तडजोडीवर दोघींनीही विजय साजरा केला.

आजीकडे तिच्या बाजूने दाखला होता. तिच्या लहानपणी प्लेग आला की लोक घरे सोडून शिवारात झोपड्या बांधून राहत, आणि परत यायच्या आधी घरात कडुनिंबाचा पाला व गंधक जाळत. सरकारही धुरी करी, लोकही करीत. धुराने रोग जातो हे तिने कोणा वैद्याकडून ऐकलेले नव्हते, डोळ्यांनी पाहिलेले होते. उंदीर-पिसवांचे गणित तिला कोणी सांगितलेच नव्हते. रोगराई गावाबाहेर हाकलण्याची आमची रीत तर सगळ्या शहराला ठाऊक आहे. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाचे मेढे लावायचे, दुसऱ्या सकाळी ते उचलून, खोकला-ढेकूण-डासांसकट घेऊन जा असे मारबतीच्या पुतळ्याला ओरडून सांगत वेशीबाहेर टाकायचे. काळी आणि पिवळी मारबत 1880 च्या दशकापासून नागपुरात निघते. भाद्रपदाच्या तोंडावर, डास सर्वांत माजलेले असताना हा सण यावा, यात मला पंचांगापेक्षा अनुभव जास्त दिसतो. त्या दिवसांत गोठ्यात निरगुडी आणि ओला कडुनिंब धुमसत ठेवायचे. सासरी संत्र्याची वाळलेली सालेही टाकत. जनावरांच्या शेपट्या थांबत, हे मी पाहिले आहे. माणसांचे डोळे चुरचुरत, हेही.

धुराचा हा दुसरा हिशेब मांडणारी संस्था नेमकी आमच्याच शहरात आहे. वर्धा रोडवरची नीरी. 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून निघाली, 1974 पासून तिच्या नावात पर्यावरण आले. चुलीच्या धुरावर तिथे काम झाले, ‘नीरधूर’ नावाची चूल त्यांनी काढली. उदबत्तीच्या धुराचे मोजमाप बाहेर देशांत झाले आहे: एक ग्रॅम उदबत्ती जळताना सरासरी 45 मिलिग्रॅमहून अधिक सूक्ष्म कण हवेत जातात, एक ग्रॅम सिगारेटीतून साधारण 10. सिगारेट छातीत ओढतात आणि उदबत्ती खोलीभर पसरते, हा फरक आहेच. पण ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या पुड्यातून निघणारे कण फुप्फुसाला पुडा वाचून दाखवत नाहीत. वनस्पती जाळली तरी धूर तो धूरच.

आणि तरीही सालई नुसती वासाची नाही, याचा पुरावाही नागपूरनेच दिला. आमच्या मेयोत, म्हणजे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, गुडघेदुखीच्या 30 रुग्णांवर सालईच्या अर्काची चाचणी झाली. निम्म्यांना आठ आठवडे अर्क, निम्म्यांना खोटी गोळी, मग मध्ये विश्रांती देऊन अदलाबदल. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही. 2003 साली ती छापून आली. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालणे वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र फरक दिसला नाही. तीस माणसे म्हणजे थोडीच, पण काम चोख होते. 2008 साली परदेशी संशोधकांनी ऊदाच्या जातीतल्या डिंकातून एक द्रव्य वेगळे करून उंदरांना दिले, तेव्हा त्यांची भीती कमी झालेली दिसली. पहिल्यात अर्क पोटात घेतला होता, दुसऱ्यात शुद्ध द्रव्य टोचले होते. दोन्ही ठिकाणी निखारा नव्हता. दुकानदार हे वाक्य गाळून बाकीचे सांगतात.

गेल्या काही वर्षांत ‘हर्बल धूप’चा जो बाजार फुलला आहे, त्यावर माझा आक्षेप त्यातल्या अत्तराला नाही. आक्षेप हा, की पुडक्यावर दहा वनस्पतींची चित्रे असतात आणि त्यातली एकही कुठल्या जंगलातून आली ते लिहिलेले नसते. गुग्गुळाचे झाड जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. जास्त डिंक निघावा म्हणून जखमेत मसाले भरतात आणि झाड मरते. तरी प्रत्येक दुसऱ्या पुडीवर गुग्गुळ. जटामांसीचेही हाल फार वेगळे नाहीत. सालई अजून पुष्कळ आहे, मेळघाटात कोरकू तिचा डिंक काढतात, आणि लाकूड ओढून नेणाऱ्या कारखान्याने आता रद्दी कागदाचा रस्ता धरला आहे. म्हणजे नागपूरकराने धूप जाळायचाच असेल, तर त्याला घराजवळचे आणि अजून न संपलेले झाड आहे.

तेव्हा इतवारीत जाल तर भुकटी घेऊ नका, सालईचा अख्खा खडा मागा. मुंगी आणि साल अडकलेली असली तर बिनधास्त घ्या, भेसळ करणारा एवढी मेहनत घेत नाही. कुठला आहे ते विचारा, दुकानदाराला सांगता आले नाही तर पुढच्या दुकानात विचारा. जाळताना हरभऱ्याएवढा पुरतो. खिडकी उघडी ठेवा, आणि घरात तान्हे मूल किंवा दमेकरी असेल तर त्या दिवशी नुसते फूल वाहा.